इंग्रजी स्पेलिंगचे खेळ: वर्गात धमाल, वहीत भोपळा

खडू_डस्टर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माण तालुक्यातली मराठी माध्यमाची शाळा, सहावीचा वर्ग, पट ३४, तास ३५ मिनिटांचा. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळे सहावीत येईस्तोवर अक्षरं, रंग, प्राणी, फळं सगळं मुलांच्या कानावरून गेलेलं असतं. घोडं अडतं ते स्पेलिंगपाशी. शब्दांच्या भेंड्या, फळ्यावरचा हँगमन आणि शब्दांचा तांबोळा हे तीन खेळ आठवड्यातून दोनदा होतात. पोरं वर्ग डोक्यावर घेतात. शुक्रवारी श्रुतलेखन घेतलं की 'बिकॉज'चं पुन्हा बी-आय-सी-ओ-झेड.

प्रश्न दोन. खेळ चुकताहेत की घ्यायची पद्धत? आणि स्पेलिंग खरोखर हाताला बसेल, साहित्याला शंभराच्या वर नोट मोडावी लागणार नाही, असे खेळ कोणते? प्रोजेक्टर, टॅब, अ‍ॅप सुचवू नका. दुपारी लाईट असेलच असं नाही.

वाईकर_ताई

भेंड्यांचं आधी सांगते. शेवटच्या अक्षरावर खेळलं की गाडी फिरून फिरून ई-वरच येते, कारण इंग्रजीत ई-ने संपणारे शब्द भरमसाट. टेबल, अ‍ॅपल, ऑरेंज, हाऊस, सगळे ई-वालेच. मुलांच्या गाठीला ई-चे शब्द किती? एग, एलिफंट, इअर, आणि मग डोळे छताकडे.

त्याहून मोठी गोची अशी की मुलं भेंड्या कानाने खेळतात. 'टेबल' म्हटलं की समोरचा 'लायन' म्हणतो आणि सगळा वर्ग ते मान्य करतो. त्यात स्पेलिंग आलंच कुठे?

दोन बदल करून बघा. एक, बोलायचं नाही, फळ्यावर येऊन लिहायचं. दोन, शेवटी ई असेल तर त्याच्या आधीचं अक्षर धरायचं. टेबल झाला तर पुढचा शब्द एल-चा, हाऊस झाला तर एस-चा. 'ऑरेंज' आला की मजा बघा. कानाने खेळणारा 'ज' ऐकून जगचा जे शोधतो, हवं असतं जी. गुण शब्द लिहिणाऱ्याला द्या आणि समोरच्या गटाने चूक पकडली तर दुप्पट त्यांना. मग सगळ्यांचे डोळे फळ्यावर राहतात.

निवांत_पाटील

मोबाईल आपणहून स्पेलिंग दुरुस्त करतोय की हो. कशाला पोरांच्या मागं लागताय?

वाईकर_ताई

पाटील, 'क्वाएट' म्हणजे शांत आणि 'क्वाइट' म्हणजे बऱ्यापैकी. दोन्ही स्पेलिंगं बरोबर, फक्त शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल. तुमचा मोबाईल दोन्हीला मान डोलावणार.

निवांत_पाटील

बरं. मी क्वाएट.

गणित_मास्तर

तांबोळ्याचा हिशेब मांडतो. फळ्यावर २० शब्द, त्यातले कुठलेही ९ निवडून वहीत ३ बाय ३ च्या चौकटीत लिहायचे, अशी पद्धत धरू. आडव्या, उभ्या, तिरक्या मिळून ८ ओळी होतात. एका ओळीला बक्षीस ठेवलं तर ३४ मुलांत चौथ्या-पाचव्या शब्दालाच कुणीतरी 'झालं' म्हणून उठतं. उरलेले १५ शब्द पिशवीतच राहतात! नऊच्या नऊ घरं भरायची अट घातली की पहिला उठतो साधारण पंधराव्या शब्दाला. एकाच डावात तिप्पट सराव. ओळींसाठी मधल्यामध्ये एखादा चॉकलेटी दिलासा द्या, पण खेळ थांबवू नका.

आता स्पेलिंग का बसत नाही ते. चौकटी भरून झाल्यावर शब्द फळ्यावर तसेच राहतात आणि तुम्ही पुकारताही तोच शब्द. मुलाला फक्त शोधून काट मारायची असते. ते वाचन झालं, स्पेलिंग नाही. असं करा:

चौकट भरली की शेजाऱ्याशी वह्या बदलून मिनिटभर तपासणी. हे टाळू नका, नाहीतर चुकीचं उतरवलेलंच पक्कं होतं. मग फळा पुसायचा. पुकारताना इंग्रजी शब्द उच्चारायचाच नाही, मराठी अर्थ सांगायचा किंवा वाक्यातली गाळलेली जागा. नऊ भरले म्हणणाऱ्याने वही मिटून, वर्गाकडे तोंड करून, त्यातल्या आपण सांगू त्या तीन शब्दांची स्पेलिंगं म्हणायची. एक जरी चुकलं तरी खेळ पुढे चालू.

कृष्णाकाठ

मास्तरांनी नेमकं बोट ठेवलं. आणखी एक गोष्ट. आपल्या मुलांच्या चुका वाटेल तशा नसतात, त्यांना लिपीचं कारण असतं. देवनागरीत ऐकू येतं तसं लिहायची सवय. त्यामुळे ठरलेल्या जागीच पाय घसरतो:

'व' साठी व्ही की डब्ल्यू. 'फ' साठी एफ की पी-एच. 'क' साठी के, सी, सी-के की सी-एच (स्कूल!). शेवटचा 'शन', जो पोरं एस-एच-ए-एन लिहितात आणि असतो टी-आय-ओ-एन. 'ज' आणि 'झ' यांच्यातली जी, जे, झेड, एसची ओढाताण. धागाकर्त्याच्या बिकॉजमध्ये हाच शेवटचा एस आहे. कानाला झेड, कागदावर एस.

म्हणून खेळ 'धड्यातले वीस शब्द' असा घेऊ नका. एका खेळात एकच घसरण घ्या. सी-साठी तळ्यात-मळ्यात फार छान बसतं. पटांगणात फक्कीची रेघ. अलीकडे तळं, म्हणजे सी-चा 'स'. पलीकडे मळा, म्हणजे सी-चा 'क'. नियम एवढाच की सी-च्या पुढे ई, आय किंवा वाय आला तर 'स', नाहीतर बहुधा 'क'. सेंटर, सिटी, पेन्सिल तळ्यात. कॅट, क्लॉक, कप मळ्यात. सायकल आणि सर्कल शेवटी ठेवा. दोन्हींत दोन-दोन सी आहेत, पहिला 'स', दुसरा 'क'. एक पाय तळ्यात, एक मळ्यात.

शब्द बोलून दाखवू नका. वहीच्या पुठ्ठ्यावर हातभर मोठ्या अक्षरात लिहून नुसता वर धरा. बोललात तर उत्तरच सांगितलंत.

वाईकर_ताई

कृष्णाकाठ, +१. फक्त बाद करू नका. बाद होतं तेच मूल, ज्याला सराव हवा असतो, आणि तेच दहा मिनिटं कडेला बसून माती उकरतं. चुकलेल्याने पाटीवर तो शब्द लिहून सी-खाली रेघ मारायची आणि परत आत यायचं.

जतकर

जतच्या पूर्व भागातल्या, घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी एक टीप. कन्नडमध्ये इंग्रजी शब्दाच्या शेवटी 'उ' लागतो. बस्सु, कारु, बुक्कु. मूल मनात तसंच म्हणतं आणि बी-यू-एस-यू लिहितं. हा आळशीपणा नाही, तो त्याच्या कानाचा प्रामाणिकपणा आहे.

उपाय चिंचोक्यांचा. प्रत्येकाला ८ चिंचोके. शब्द हळू म्हणायचा आणि जेवढे आवाज तेवढे चिंचोके पुढे सरकवायचे. 'बस' म्हणजे ब, अ, स, तीन. चौथा सरकला की 'उ' पकडला. मग चिंचोक्यांखाली खडूने अक्षरं लिहायची. 'शिप'ला तीन चिंचोके, पण अक्षरं चार, कारण पहिल्या चिंचोक्याखाली एस आणि एच दोघं दाटीवाटीने बसतात. 'नाइट' (रात्र) घेतला तर मधल्या चिंचोक्याखाली आय-जी-एच असं तीन जणांचं बिऱ्हाड. मराठी मुलांनाही हे चालतं.

चिंचोके दगडासारखे कोरडे असावेत. मऊ असले तर निम्मे पोटात जातात.

उसाचा_फड

हँगमनमध्ये माणसाला फाशी देण्याऐवजी फळ्यावर दहा कांड्यांचा ऊस काढा. चुकलेल्या अक्षरामागे एक कांडी पुसायची. ऊस संपायच्या आत शब्द आला तर कारखान्याला गेला, नाहीतर गुऱ्हाळवाल्याने खाल्ला.

जुना_सातारा

हे सगळे चोचले आहेत. शब्द दहा-दहा वेळा लिहून काढायला लावा. आपोआप येतो.

उसाचा_फड

गुरुजी, दहा वेळा लिहिणाऱ्या मुलाची वही जवळून बघा. ते आडवं लिहीत नाही, उभं लिहितं. आधी दहा बी एकाखाली एक, मग दहा ई, मग दहा सी. शब्द डोक्यात कधी जातच नाही, फक्त रकाने भरतात.

जुना_सातारा

हे मात्र खरं आहे. :)

कृष्णाकाठ

जुना_सातारांचं अर्धं बरोबर आहे. हाताने लिहायलाच हवं. पण बघून नाही. बघ, झाक, लिही, ताडून बघ, या क्रमाने तीन वेळा लिहिलं तरी ते दहा वेळा बघून लिहिण्यापेक्षा भारी. आणि तीनही वेळा एकाच दिवशी नको. जर्मनीतल्या एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये विसरण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निरर्थक अक्षरजुळण्या स्वतः पाठ करून किती वेळाने किती उरतं ते मोजलं होतं. गळती सर्वांत जास्त सुरुवातीलाच होते. सोमवारचा शब्द मंगळवारी एकदा, गुरुवारी एकदा आणि पुढच्या सोमवारी एकदा खेळात यायला हवा.

आता उसाबद्दल. चित्र बदललं तरी दुखणं तेच. मुलं ए, बी, सी, डी ओळीने विचारत सुटतात, पाच जण ओरडतात आणि २९ जण बघतात. शब्द लपवूच नका. मराठी अर्थ आणि उच्चार दोन्ही सांगा. सोपी अक्षरं फळ्यावर भरून द्या, फक्त घसरणीची जागा रिकामी ठेवा. 'बिकॉज'मध्ये बी-ई-सी, मग दोन रिकाम्या, मग एक रिकामी, मग ई. प्रत्येकाने पाटीवर गुपचूप ती तीन अक्षरं लिहायची आणि 'दाखवा' म्हटलं की पाट्या एकदम वर. गटात जेवढ्या पाट्या चुकल्या तेवढ्या त्या गटाच्या उसाच्या कांड्या गेल्या. चौतीसच्या चौतीस हात लिहितात. गट सहा, ऊसही सहा, फळ्यावर सहज मावतात.

भंगारातून_साहित्य

साहित्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पाण्याच्या आणि थंडपेयांच्या बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं. लग्नसराईत एका कार्यालयाच्या मागच्या दाराशी पोतंभर मिळतात. धुऊन, वाळवून वर परमनंट मार्करने छोट्या लिपीतली अक्षरं. स्वर लाल मार्करने, बाकी निळ्याने.

किती अक्षरं करायची? विकतच्या स्क्रॅबलच्या संचात १०० सोंगट्या असतात. त्यात ई १२, ए आणि आय ९-९, ओ ८, आणि क्यू, झेड, एक्स, जे, के प्रत्येकी एकच. त्याच धर्तीवर सहा मुलांच्या गटाला ६० झाकणं पुरतात. ई ६, ए ५, आय ४, ओ ४, यू २. एन, आर, टी, एस, एल तीन-तीन. डी, पी, सी, एम, एच, बी, जी दोन-दोन. बाकी नऊ अक्षरं एक-एक. साठावं झाकण कोरं, ते हवं त्या अक्षरासाठी.

खेळ: अर्थ पुकारायचा, गटाने ३० सेकंदांत शब्द रचायचा, मग झाकणं उलटी करून सगळ्यांनी न बघता पाटीवर लिहायचा. गुण पाटीला, झाकणांना नाही.

वाईकर_ताई

साठाच्या यादीत 'कॉफी' होत नाही. दोन एफ हवेत आणि 'किक'ला दोन के. कोरं झाकण एकच आहे, ते तिथेच खर्ची पडणार.

भंगारातून_साहित्य

बरोबर पकडलंत. एफ आणि के दोन-दोन करा, ६२ होतील. झाकणांना काय तोटा.

गणित_मास्तर

झाकण गोल असतं हे विसरू नका. छोट्या लिपीतला बी उलटा फिरवला की क्यू, डी फिरवला की पी, एन फिरवला की यू. बी-डीचा गोंधळ असलेल्या मुलाच्या हातात ही झाकणं म्हणजे आगीत तेल. प्रत्येक अक्षराच्या पायाशी ठळक आडवी रेघ मारा. रेघ आपल्या पोटाकडे, हा नियम.

भंगारातून_साहित्य

हो. आणि रेघ अक्षरांच्याच मार्करने मारू नका, काळ्याने मारा. निळी रेघ निळ्या अक्षराला चिकटली की एल-चा आकारच बदलतो.

कार्डं हवी असतील तर जुन्या लग्नपत्रिका. पण चकाकत्या पत्रिकेवर स्केचपेन पुसला जातो आणि पातळ पत्रिकेवर मार्कर मागून दिसतो. जोड्या लावायच्या खेळात मागून दिसलं की खेळ संपला. जाड, खरखरीत पत्रिका निवडा, छापील बाजू एकमेकींना चिकटवा आणि सगळी कार्डं एकाच मापाची कापा. ८ जोड्या म्हणजे १६ कार्डं एका गटाला बास. एका कार्डावर चित्र, दुसऱ्यावर घसरणीच्या जागा रिकाम्या ठेवलेला शब्द. जोडी जुळली तरी रिकाम्या जागा भरून सांगितल्याशिवाय उचलायची नाही.

निवांत_पाटील

ज्यांच्या लग्नाच्या पत्रिका आहेत त्यांना कळवू नका.

तासगावची_द्राक्षं

थोडं अवांतर, पण विषयालाच धरून. इंग्रजी स्पेलिंग शिकवायला एसटीच्या पाट्या वापरा. मुलांना ही नावं उच्चारासकट पाठ असतात, त्यामुळे फक्त अक्षरांकडे बघावं लागतं.

वाई डब्ल्यूने, विटा व्हीने. दोन्हीकडे 'व'. फलटणला पी-एच, म्हणून फोन आणि फोटोही त्याच रांगेत. कराडमध्ये ए दोन, पहिल्याचा उच्चार 'अ', दुसऱ्याचा 'आ'. म्हणजे एकाच अक्षराचे दोन आवाज, घरबसल्या. आणि तासगाव, कोरेगाव, कडेगाव यांच्या शेवटी एन. बोलताना आहे का? नाही. अनुच्चारित अक्षर म्हणजे काय, हे मुलाला यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

खेळ असा. साताऱ्याचे ११ आणि सांगलीचे १० असे २१ तालुके, २१ चिठ्ठ्या. मूल कंडक्टर होतं, चिठ्ठी काढून नाव पुकारतं, गट पाटीवर इंग्रजी पाटी लिहितो. चुकली तर गाडी डेपोत. जत मात्र सांभाळून, काही पाट्यांवर शेवटी एच असतो, काहींवर नसतो. दोन्ही चालवून घ्या.

जुना_सातारा

हा एन आला कुठून ते सांगतो. पूर्वी आपण 'गांव' असं अनुस्वार देऊन लिहीत होतो. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. मराठीतून टिंब गेलं, इंग्रजी पाटीवर एन तसाच राहिला.

तासगावची_द्राक्षं

वा! आणि इंग्रजीतल्या 'नाइफ'मधल्या के-ची कथाही अशीच. काही शतकांपूर्वी इंग्लंडात तो के म्हणत असत. तोंडातून गेला, कागदावर राहिला. 'आयलंड'मधल्या एस-चं उलट. तो कधीच उच्चारला जात नव्हता, लॅटिन 'इन्सुला'शी नातं आहे असं समजून मागाहून घुसवला. मुलांना हे सांगितलं की 'इंग्रजी वेडी आहे' असं म्हणत का होईना, ते अक्षर लक्षात ठेवतात.

जतकर

आणि एसटीलाच 'यष्टी' म्हणणाऱ्यांनी स्पेलिंगवर बोलू नये. :)

माणदेशी_धाव

पळतं श्रुतलेखन कुणी सांगितलं नाही. ३४ म्हणजे १७ जोड्या. व्हरांड्याच्या भिंतीवर, बाकांपासून पंधराएक पावलांवर, ६ शब्दांचा तक्ता. जोडीतला एक पळतो, एक शब्द डोक्यात धरतो, परत येऊन सांगतो, दुसरा लिहितो. तीन शब्दांनंतर अदलाबदल. सहा मिनिटं.

बिघडतं कुठे? १७ जण एका तक्त्यापुढे म्हणजे ढकलाढकली. म्हणून चार तक्ते, वेगवेगळ्या जागी, शब्द तेच पण क्रम वेगळा. दुसरं, पळणारा दारातूनच ओरडतो आणि फुकटात सगळ्यांना शब्द मिळतो. बाकाला हात लावल्याशिवाय बोलायचं नाही. तिसरं म्हणजे अक्षरांची नावं. 'ए', 'ई', 'आय' आणि 'जी', 'जे' यांत मुलं सर्रास गोंधळतात. सांगणारा ई म्हणतो आणि लिहिणारा आय लिहितो. खेळाआधी दोन मिनिटं फक्त याच पाच अक्षरांवर टाळी-चुटकी घ्या. आणि तपासणी पळणाऱ्याने नाही, लिहिणाऱ्याने तक्त्याशी जाऊन करायची.

वाईकर_ताई

तक्ता फार जवळ लावला तर मुलं एकेक अक्षर बघून येतात. लांब असला की शब्द डोक्यात धरूनच यावं लागतं. पंधरा पावलं हा आकडा उगीच नाही.

खडू_डस्टर

सगळ्यांचे आभार, वही भरली. माझ्या दोन प्रश्नांचं उत्तर मिळालं असं धरतो. तिन्ही खेळांत शब्द एकतर फळ्यावर समोर होता, नाहीतर लिहायची वेळच येत नव्हती. पुढच्या आठवड्याचं असं ठरवतोय: सोमवारी तळ्यात-मळ्यात फक्त सी, मंगळवारी तेच शब्द उसाच्या खेळात, गुरुवारी पळतं श्रुतलेखन, त्यापुढच्या सोमवारी तांबोळ्यात जुने सहा मिसळून. 'बिकॉज', 'प्लीज', 'नोज' असे शेवटी झेड ऐकू येऊन एस असलेले शब्द दुसऱ्या आठवड्यात, वेगळे.

एकच शंका. शेजारच्या वर्गात शिष्यवृत्तीचा तास असतो. एवढा गलका कसा आवरायचा?

माणदेशी_धाव

कुजबुज नियम. आवाज चढवला की तो शब्द त्या जोडीपुरता बाद. पहिल्याच फेरीत एका जोडीचा शब्द खरोखर बाद करा, पुढे सांगावं लागत नाही. आणि अनवाणी पळवा, चपलांचाच आवाज जास्त असतो.

कृष्णाकाठ

खडू_डस्टर, यादी करताना 'साइझ' आणि 'प्राइझ' (बक्षीस) त्यांच्यात मिसळू नका. त्यांत खरोखर झेड आहे. आधी एस-वाले पक्के होऊ द्या, हे दोघे तिसऱ्या आठवड्याला.